दहाच्या वरचे आकडे

तो आकडा नेरिडा पॅस्कोने एप्रिलमध्ये स्वतःच्या हाताने टाकून दिला होता. ऑक्टोबरच्या एका मंगळवारी सकाळी तोच माणूस पुन्हा तिच्या पडद्यावर आला आणि तिचा हात थांबला.

होबार्टच्या त्या प्रयोगशाळेत तिला चौदा वर्षं झाली होती. म्हातारपणाचा मोठा अभ्यास तिथे चालला होता. टास्मानियाच्या दक्षिणेकडची पासष्टीपुढची सहाशे माणसं त्यात होती. दर सहा महिन्यांनी त्यांचं रक्त यायचं, सोबत बारा पानांची प्रश्नावली यायची. शोध होता तो शरीरातल्या मुरलेल्या सुजेचा. ही सूज दिसत नाही, दुखत नाही, ताप आणत नाही. राखेखालच्या विस्तवासारखी वर्षानुवर्षं धुमसत राहते आणि हृदय, सांधे, मेंदू हळूहळू पोखरते. रक्तातल्या एका प्रथिनावरून ती मोजता येते. एक, तीन, सहा असे बारीक आकडे. दहाच्या वर आकडा गेला की नियम ठरलेला: माणसाला सर्दी-खोकला, जखम, काहीतरी तात्पुरतं झालं असणार. तसला आकडा हिशेबात घेतला तर सगळी सरासरी बिघडते. म्हणून त्यावर रेघ मारायची, शेजारी ‘तात्पुरता आजार’ असं लिहायचं आणि पुढे जायचं.

बी-२१७ या माणसाचा एप्रिलचा आकडा चौसष्ट होता. नेरिडाने रेघ मारली होती. आता तो एकाहत्तर होता.

सहा महिने टिकणारी सर्दी कुणी पाहिली आहे?

तिने नळी पुन्हा यंत्रात लावली. एकाहत्तर. दुसऱ्या यंत्रात लावली. सत्तर. मग ती उठली, कॉफी करून आणली, ती तशीच टेबलावर ठेवली आणि प्रश्नावलीचा गठ्ठा ओढला.

बी-२१७ सगळ्यांना ठाऊक होती, म्हणजे नावाने नव्हे. नावं कुलपात होती. कुठला नंबर कुणाचा याची यादी फक्त प्राध्यापकांकडे. पण ही बाई चौकटीत खूण करून थांबत नसे, कडेला पेन्सिलीने लिहीत असे. ‘गेल्या महिन्यात दम लागला का?’ या प्रश्नाशेजारी लिहिलं होतं: ‘एकदाच. मेंढा कुंपण तोडून पळाला. त्याला माझ्या वयाची कदर नाही.’ प्रयोगशाळेत ही पानं मोठ्याने वाचली जायची आणि सगळे हसायचे. नेरिडाही हसली होती.

आता ती न हसता वाचू लागली.

‘सकाळी अंग आखडतं का?’ — ‘खांदे. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलते. वय झालं, दुसरं काय.’

‘चावताना त्रास होतो का?’ — ‘दात माझेच आहेत आणि शाबूत आहेत. पण चार घास चावले की जबडा दमतो. थांबते, परत चावते. मटण सोडलं, सूप पिते.’

‘डोकं दुखतं का?’ — ‘डावीकडे केसांना फणी लागली तरी ठणकतं. त्या बाजूला विंचरणं सोडून दिलंय. माझ्याकडे बघायला आहे कोण, मेंढ्या?’

नेरिडा डॉक्टर नव्हती. तिला रक्त कळत होतं, माणसं नव्हेत. पण तिची मैत्रीण रोशीन सांध्यांच्या दवाखान्यात डॉक्टर होती. जिन्यात जाऊन नेरिडाने तिला फोन लावला.

“एक विचारते. समज, एक बाई आहे. सत्तरीच्या पुढची.”

“समजले. पुढे?”

नेरिडाने कडेची सगळी वाक्यं सांगितली आणि शेवटी आकडा सांगितला. 

“कुठे आहे ही बाई?” रोशीनने विचारलं.

“अगं, समज म्हटलं ना.”

“नेरिडा, मला खुळी समजू नकोस. कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज असणार. तीच सूज डोळ्याकडच्या वाहिनीत शिरते. वाहिनी बंद झाली की डोळा गेला. एका दुपारीत जातो आणि एकदा गेला की परत येत नाही. गोळी स्वस्तातली आहे, स्टिरॉइड. आज सुरू केली तर वाचेल. जेवायला जाऊ नकोस, आधी तिला शोध.”

नेरिडाने प्राध्यापक अलास्डेर क्विल यांना फोन केला. अभ्यास त्यांचा, दहाचा नियमही त्यांचाच. ते तेव्हा देशाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहरात परिषदेला गेले होते. मागे कपबशांचा खणखणाट ऐकू येत होता.

“तू सांगतेस ते गंभीर आहे,” ते म्हणाले. “मी ते हलकं घेत नाही. पण आपण त्या लोकांना सही करून दिली आहे. कुठला नंबर कुणाचा हे कुणी बघणार नाही आणि एकेकट्याचे आकडे आपण कुणाला सांगणार नाही. अभ्यासाच्या नीतिसमितीच्या अध्यक्षबाईंशी बोलतो. गुरुवारी त्या भेटतात.”

“गुरुवारी? अलास्डेर, आज मंगळवार आहे.”

“दोन दिवस, नेरिडा.”

“त्या दोन दिवसांत तिचा डोळा गेला तर?”

“आणि तुझा अंदाज चुकला तर? नऊ वर्षांपूर्वी आपण एका माणसाला असाच फोन केला होता. कर्करोगाच्या भीतीने त्याने घर विकायला काढलं. त्याला काहीही नव्हतं. तू तंत्रज्ञ आहेस. मीही डॉक्टर असलो तरी तिचा डॉक्टर नाही. गुरुवारपर्यंत थांब. ही विनंती नाही.”

तिने फोन ठेवला. जागेवर येऊन पुढच्या नळ्या लावल्या. बी-२१८, दोन. बी-२१९, पाच. खिडकीबाहेर डोंगरावरून पश्चिमेचा वारा उतरत होता आणि वाहनतळावरची झाडं अंगात आल्यासारखी घुमत होती. तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. तिने तो दुसऱ्या पायाने दाबून धरला. मग दुसरा हलू लागला. बी-२२०चा आकडा तिने दोनदा चुकीचा लिहिला.

प्रश्नावली अजून उघडीच होती. अकराव्या पानावर प्रश्न होता: ‘येण्याजाण्यासाठी कुणाची मदत लागते का?’ शेजारी लिहिलं होतं: ‘एकतीस वर्षं शाळेची बस मी चालवली. मला कोण नेणार?’

बी म्हणजे ब्रूनी बेट. एवढ्याशा बेटावर शाळेची बस एकतीस वर्षं चालवणाऱ्या बायका किती असतील?

हे वाक्य वाचून त्याचा असा उपयोग करणं म्हणजे यादीचं कुलूप मागच्या दाराने उघडणं, हे तिला स्वच्छ कळत होतं. तिने कोट उचलला, शेजारच्या मुलीला ‘बरं वाटत नाही’ असं सांगितलं आणि गाडी काढली.

केटरिंगच्या धक्क्यावर बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग होती. पर्यटकांच्या गाड्या, छपरांवर बोटी बांधलेल्या. तिची गाडी पुढच्या खेपेत बसेल असं तिकीटवाल्याने सांगितलं. पन्नाशीचा माणूस, वाऱ्याने भाजलेला चेहरा. ती उतरून त्याच्यापाशीच घोटाळत राहिली. रांगेच्या टोकापर्यंत गेली, परत आली.

“बाई, येरझाऱ्या घालून बोट लवकर येत नाही,” तो म्हणाला.

“बेटावर शाळेची बस चालवायच्या त्या बाई...”

“विन? विन हॅझलडीन? मला तीच शाळेत सोडायची. दंगा केला की मध्येच उतरवायची आणि बसमागून चालत यायला लावायची.” तो हसला. “लुनावाना गाव ओलांडलं की हिरव्या छपराचं घर. का, काय झालं तिला?”

“काही नाही,” नेरिडा म्हणाली. आयुष्यात ती इतक्या झटकन खोटं कधी बोलली नव्हती. त्या दिवसातलं ते दुसरं होतं.

बोट लागली तेव्हा दीड वाजला होता. उत्तरेकडचं बेट, मग ती चिंचोळी वाळूची मान, दोन्हीकडे समुद्र, मग दक्षिणेकडचं बेट. नेरिडाने वेगमर्यादेचा एकही फलक पाळला नाही. सगळ्या वाटेवर तिच्या मनात दोन्ही गोष्टी एकदमच घोळत होत्या: बाई ठणठणीत निघाली तर आपण काय सांगणार, आणि बाई ठणठणीत नसली तर.

हिरव्या छपराच्या घराबाहेर एक उंच, हाडकुळी म्हातारी पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती. केस एका बाजूला नीट बसवलेले, दुसऱ्या बाजूला गुंता.

“मेंढ्या विकायच्या नाहीत,” ती लांबूनच म्हणाली, “आणि देवाबद्दल बोलायला आला असाल तर तो माझ्याशी बोलत नाही.”

“मिसेस हॅझलडीन, मी होबार्टहून आले. ते रक्ताचं काम करतात ना, तिथली. माझं नाव नेरिडा.”

“रक्तवाली बाई तर गेल्याच आठवड्यात येऊन गेली. आता काय सांडलं का ते?”

“नाही. तुमचे डोळे कसे आहेत?”

विनचा चेहरा एकदम बंद झाला.

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. मला सांगा ना. काही झालंय का?”

“मोतीबिंदू आहे. काल पडद्यासारखं काहीतरी खाली आलं, मग गेलं. आज सकाळी परत आलंय. पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंच आहे. त्यात एवढं धावत यायला काय झालं?”

“उजवा डोळा हाताने झाका.”

“कशाला?”

“झाका ना, मी विनवते तुम्हाला.”

विनने कुरकुरत हात वर नेला. खांदा दुखला तशी तोंड वाकडं करून तिने डोळा झाकला. नेरिडाने तिच्यासमोर तीन बोटं धरली.

“किती बोटं?”

“कुठली बोटं?” विन म्हणाली.

वाऱ्याने टाकीवरचा पत्रा वाजत होता. विनने हात काढला, नेरिडाची बोटं पाहिली, परत हात ठेवला, परत काढला. मग ती टाकीला धरून उभी राहिली.

“गाडीत बसा,” नेरिडा म्हणाली.

“कुत्र्याला—”

“बसा!”

बेटावरच्या आरोग्यकेंद्रातल्या नर्सने मुख्य भूमीवरच्या डॉक्टरला फोन लावला. पहिल्या गोळ्या तिथेच दिल्या. परतीच्या फेरीला तिकीटवाल्याने न विचारता त्यांची गाडी सगळ्यांच्या पुढे घेतली. विनकडे बघून त्याला काहीतरी थट्टा करायची होती, पण ती त्याने गिळली.

बोटीवर दोघी गाडीतच बसून राहिल्या. विनने उजवा डोळा घट्ट मिटला, उघडला. किनारा अजून आहे ना, ते पाहिलं. परत मिटला. मग म्हणाली, “तू आलीस ती माझ्या त्या लिखाणावरून.”

“हो. आणि आकड्यावरून. तुमच्या रक्तातला सुजेचा आकडा फार चढला होता.”

“आता चढला?”

खोटं बोलायचं असेल तर हीच वेळ होती. “एप्रिलमध्येही होता,” नेरिडा म्हणाली.

“म्हणजे एप्रिलपासून ठाऊक होतं तुम्हाला.”

“आकडा ठाऊक होता. तो तुमचा हे ठाऊक नव्हतं.”

“मग काय केलंत त्या आकड्याचं?”

“टाकून दिला. मीच रेघ मारली. दहाच्या वरचे टाकायचे असा नियम आहे. बहुतेकदा सर्दी-बिर्दी असते.”

 बोटीच्या इंजिनाने गाडी हादरत होती.

“मी रोज संध्याकाळी पोरांची डोकी मोजायची,” विन म्हणाली. “बावीस चढली तर बावीस उतरली पाहिजेत. एखादं कमी भरलं तर मी असं म्हणायची नाही, की असेल आज हवा खराब.”

नेरिडाने बाहीने डोळे पुसले.

“रडू नकोस,” विन म्हणाली. “तुला गाडी चालवायची आहे आणि मला अर्धंच दिसतंय.”

इस्पितळात रोशीन दारातच उभी होती. तीन दिवस शिरेतून औषध चाललं. कानशिलावरच्या रक्तवाहिनीचा तुकडा काढून तपासला, आणि सूज तीच निघाली. डावा डोळा गेला तो गेलाच. उजवा राहिला. रोशीन म्हणाली की बुधवारपर्यंत थांबले असते तर कदाचित तोही राहिला नसता, आणि कदाचित राहिलाही असता. नेमकं कुणीच सांगू शकत नाही.

गुरुवारी समिती बसली. पण आता तिच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. नेरिडाच्या कार्डाने प्रयोगशाळेचं दार उघडेना. पुढचे सहा आठवडे ती तळघरातल्या फ्रीझरच्या खोलीत नळ्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवत होती आणि मधूनमधून तीन माणसांच्या चौकशीपुढे बसत होती. अलास्डेर क्विल त्या चौकशीत तिच्या विरुद्ध बोलले नाहीत आणि बाजूनेही फार बोलले नाहीत.

“हिने वचन मोडलं,” ते म्हणाले. “आणि माझा नियम चुकीचा होता. दोन्ही गोष्टी लिहून घ्या. एकीने दुसरी खोडू नका.”

तिला लेखी ताकीद मिळाली. नियमानुसार बेटावरच्या सगळ्यांना पत्र गेलं: तुमच्यापैकी एकीची उत्तरं वाचून तिला ओळखण्यात आलं, त्याबद्दल क्षमस्व. पत्रात नाव नव्हतं, पण बेटाला ते सांगायची गरजही नव्हती. पंधरवड्यात एकोणीस जणांनी अभ्यास सोडला. त्यांच्यातल्या एकाने थेट नेरिडाला फोन केला. सफरचंदाच्या बागेचा मालक, आवाज शांत.

“विनसाठी तू धावलीस, ते चांगलंच झालं,” तो म्हणाला. “पण मी त्या कागदांत माझ्या दारूबद्दल खरं लिहिलंय. बायकोलाही ठाऊक नाही ते. आज तू डोळ्यासाठी वाचलंस. उद्या कुणी कशासाठी वाचेल?”

“तुमचं बरोबर आहे,” नेरिडा म्हणाली. तिला ते खरंच बरोबर वाटत होतं, आणि तरीही पुन्हा तसा मंगळवार आला तर ती पुन्हा गाडी काढेल हेही तिला ठाऊक होतं. या दोन गोष्टी काही केल्या तिच्या डोक्यात एका जागी नांदेनात.

ती रविवारी विनकडे जाऊ लागली. औषधाने विनचा चेहरा भाकरीसारखा फुगला होता, भूक राक्षसासारखी लागत होती आणि झोप उडाली होती. सकाळी नेरिडा पोहोचेपर्यंत विनने कपाटं पुसलेली असत, कुंपणाला रंग दिलेला असे आणि आता कोंबड्यांना आंघोळ घालावी की काय असा तिचा विचार चाललेला असे.

“ही तुमची गोळी घोड्याला द्या, शर्यत जिंकेल,” ती म्हणायची. पण चहा ओतताना धार कपाच्या बाहेर पडायची. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही. नेरिडा मुकाट्याने फडकं आणायची. गाडीचा परवाना परत येईल की नाही ते अजून ठरलं नव्हतं, आणि त्या विषयावर विन थट्टा करत नसे.

पण नेरिडाला स्वस्थता नव्हती ती वेगळ्याच कारणाने. विन एक होती. चौदा वर्षांत तिने रेघा किती मारल्या होत्या? तिच्या स्वतःच्या हातच्या, इतरांच्या हातच्या? सर्दी सर्दीच असते, बहुतेकदा. पण ज्याचा आकडा दोनदा टाकला गेला, तीनदा टाकला गेला, त्याचं काय? चिठ्ठ्या चिकटवताना तिची बोटं गारठायची आणि डोकं तापायचं. तिने अलास्डेरना एका पानाचं पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. तिसरं लिहिण्याऐवजी ती त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

“परवानगी मागितली आहे,” ते दार उघडत म्हणाले. “तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी. या वेळी पुढच्या दाराने जाऊ.”

परवानगी डिसेंबरात आली. दोनदा किंवा जास्त वेळा रेघ पडलेली माणसं नऊ निघाली. यादीचं कुलूप रीतसर उघडलं गेलं. फोन अलास्डेर करणार, डॉक्टर म्हणून. नेरिडाने समोर बसून तारखा आणि आकडे वाचून द्यायचे. नावं तिने ऐकायची नाहीत असं ठरलं होतं, पण चार हातांवरून ती ऐकू येणारच होती. ऐकलेलं नाव बाहेर सांगणार नाही, असं कागदावर लिहून तिच्याकडून सही घेतली गेली.

पहिल्या बाईला जुना संधिवात होता, तिच्या डॉक्टरांना तो ठाऊक होता. दुसरा म्हणाला, “हिरड्या हो! सगळे दात काढून टाकले, आता मजेत आहे.” तिसरी घाबरली, पण सोमवारीच तपासून घेते म्हणाली. अलास्डेरांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी चौथा नंबर लावला.

एका बाईने उचलला. अलास्डेरनी स्वतःची ओळख दिली आणि मिस्टर लोव्हेल आहेत का, असं विचारलं.

“ते जूनमध्ये गेले,” ती म्हणाली. “तुम्ही रक्त घ्यायचात ना त्यांचं? फार आवडायचं त्यांना. म्हणायचे, आपला काहीतरी उपयोग होतोय. तुम्हाला काय हवं होतं?”

नेरिडासमोर कागद होता. एकतीस, अडतीस, चव्वेचाळीस. तीन रेघा, त्यांतल्या दोन तिच्या.

अलास्डेर फोन ठेवू शकले असते. नोंदी नीट करत होतो एवढं म्हणाले असते, तर ती बाई आभार मानून आपल्या कामाला गेली असती. त्यांनी नेरिडाकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, नजरही काढली नाही.

“बाई, तुमच्याशी जरा बोलायचं आहे,” ते म्हणाले. “तुम्ही बसल्या आहात का?”

त्यांनी सांगितलं. आकडे सांगितले, नियम सांगितला, तो नियम आपणच केला हेही सांगितलं. बाईंनी विचारलं, त्यानेच गेले का ते? ते म्हणाले, माहीत नाही. कळायचा आता मार्गही नाही.  मग ती बाई बोलू लागली: मिस्टर लोव्हेलचं वजन कसं उतरत गेलं, त्यांचे बूट कसे सैल झाले, ते दोघं त्यावर कसे हसले. ती बोलत राहिली. अलास्डेर ऐकत राहिले आणि नेरिडा कागदाच्या मागच्या बाजूला, कुणी सांगितलं नसताना, सगळं लिहून घेत राहिली.

पाऊण तासाने फोन ठेवला गेला. अलास्डेरनी चष्मा काढून डोळे चोळले.

“अजून पाच आहेत,” नेरिडा म्हणाली.

“थोडं थांबू या?”

“तुम्ही पाणी प्या,” ती म्हणाली आणि पुढचा कागद वर घेतला.